१९९८ ची मारुती ८००: सेल्फ जड, टेंपरेचरचा काटा उडतो आणि भेरूघाटात गाडी बंद (इंदूर)

माळवा९८

नमस्कार. प्रश्न लांब आहे. पण अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवट मिळतं, हे तीन गॅरेजमध्ये अनुभवलं, म्हणून सगळंच लिहिते.

गाडी मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरवाली, एम. पी. ०९ पासिंग. बाबांनी नवी घेतली तेव्हा ते विद्युत मंडळात नोकरीला होते. आता ते ८१ वर्षांचे आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते स्टिअरिंगवर बसत नाहीत. मी चालवते, ते शेजारी बसतात. लोकमान्यनगरातून राजवाडा, आईला दवाखान्यात नेणं-आणणं, कधी उज्जैन, वर्षातून दोनदा ओंकारेश्वर, एवढंच गाडीचं फिरणं. १,१८,००० किलोमीटर झालेत. गाडी विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे.

त्रास असे. सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं, घर्र... घर्र... करत, आणि गाडी तापलेली असली तर आणखीच जड. चौदा महिन्यांपूर्वी नवी बॅटरी घेतली, ती बसली म्हणून दोन महिन्यांपूर्वी दुसरी घेतली. सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलले. फरक शून्य.

संध्याकाळी हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा झटकन एक रेघ वर जातो, बंद केले की खाली येतो. त्यासाठी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ करून घेतला. काटा अजून तसाच उडतो.

एक्सलेटर केबल वर्षात दोनदा बदलली. नवी असताना मऊ चालते, दोन-तीन महिन्यांत जड होते.

आणि मोठा त्रास. गेल्या महिन्यात ओंकारेश्वरहून येताना बडवाहला टाकी फुल केली. चोरल मागे पडलं, भेरूघाटाचा चढ लागला आणि गाडी धक्के द्यायला लागली. मग पाय दाबला तरी ओढेना. दोन वळणं कशीबशी घेतली आणि बंद पडली. दुपारचे दोन, बाहेर ४१ अंश, बाबा गाडीत. बॉनेट उघडून इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर ओला रुमाल टाकला, वीस-पंचवीस मिनिटांनी सुरू झाली, पण सिमरोलच्या अलीकडे पुन्हा तेच. एका ट्रकवाल्या भाऊंनी थांबून पाहिलं, म्हणाले पेट्रोल संपलं असेल, काट्यावर विश्वास ठेवू नका. त्यांनी बाटलीतून अर्धा लिटर ओतलं आणि गाडी लगेच सुरू झाली, थेट घरापर्यंत आली. पण टाकीत पेट्रोल भरपूर होतं, हे मला पक्कं माहीत आहे. जानेवारीत उज्जैनला जाताना एकदा धक्के दिले होते, बंद पडली नव्हती. शहरात पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून फिरते तेव्हा आजवर एकदाही असं झालेलं नाही.

पहिल्या गॅरेजने कॉइल सांगितली, दुसऱ्याने कार्बोरेटर. तिसरा म्हणतो कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलू. आतापर्यंत ११,४०० रुपये गेलेत. इंजिन खोलण्याआधी इथे विचारावंसं वाटलं. बाबांची एक वही आहे, १९९८ पासूनचं प्रत्येक काम तारीख आणि किलोमीटरसकट त्यात लिहिलेलं आहे. काही लागलं तर त्यातून सांगू शकेन.

अभि_पुणे

जुन्या गाडीत गरम झाल्यावर बंद पडणं म्हणजे बहुतेक वेळा कॉइल, म्हणजे स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवून देणारा भाग. थंड असताना ठीक, तापली की आतलं इन्सुलेशन दगा देतं, थंड झाली की परत ठीक. कॉइल फार महाग नाही, बदलून बघा.

विश्वामित्री

मी बडोद्याचा. आमच्याकडचा उन्हाळाही तुमच्यासारखाच, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा हा आजार मी पुष्कळ पाहिलाय. याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोलचा पंप इंजिनलाच बसवलेला असतो, इंजिनच्या उष्णतेनं नळीतलं पेट्रोल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ दाबत बसतो. कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. तुम्ही ओला रुमाल टाकलात आणि वीस मिनिटांनी चालू झाली, हे तंतोतंत तेच लक्षण. नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या, तिच्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा.

कॉइल मला पटत नाही. कॉइल गेली की गाडी बहुतेक वेळा दिवा मालवावा तशी एकदम बंद होते. तुमची आधी धक्के देत होती, म्हणजे पेट्रोलच कमी पडत होतं.

टेस्टलॅम्प

ताई, मी इंदूरचाच. नवलख्याकडे ४० वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. आता हात थरथरतो, दुकान मुलगा बघतो. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. इंजिन खोलू देऊ नका. तुमच्या गाडीला दोन वेगळे आजार आहेत, आणि तिघेही दोन्हींना मिळून एकच औषध शोधत राहिले.

पहिला आजार विजेचा. मला तुमच्या लिहिण्यात सगळ्यात आधी दिसली ती एक्सलेटर केबल. ती तुम्ही ओघात सांगितलीत, पण तीच मुख्य साक्षीदार आहे.

सेल्फ फिरताना छोट्या गाडीतसुद्धा शंभर अँपियरच्या आसपास करंट ओढतो. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायरनं तो सेल्फला जातो, हे सगळे बघतात. पण जितका गेला तितकाच परत बॅटरीच्या मायनसला यायला हवा ना? सेल्फ बसलाय इंजिन-गिअरबॉक्सवर, आणि इंजिन बसलंय रबराच्या माउंटिंगवर. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिनला अर्थिंगची एक जाड वायर किंवा विणलेली पट्टी असते. ती सडली, तुटली किंवा रंगावर कसली गेली, की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनला लागून बॉडीत जाणारी धातूची वस्तू कोणती? एक्सलेटर केबल, चोकची केबल, क्लचची केबल. त्या बिचाऱ्या बारीक तारेतून सेल्फचा करंट गेला की ती तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं, केबल जड होते. तुम्ही नवी टाकता, ती पुन्हा तशीच होते. माझ्या दुकानात एक गाडी अशी आली होती की सेल्फ मारल्यावर चोकच्या तारेतून धूर निघाला होता.

आता काटा. हेडलाइट लावल्यावर पाणी एका सेकंदात तापू शकत नाही, म्हणजे काट्याचं म्हणणं खोटं. टेंपरेचरचा सेंडर, म्हणजे पाणी किती तापलं ते काट्याला कळवणारा भाग, इंजिनमध्ये बसतो, त्याचं अर्थिंग इंजिनचं. डॅशबोर्डवरच्या मीटरचं अर्थिंग बॉडीचं. दोघांच्या मायनसमध्ये फरक पडला की काटा उडतो. मला एक गोष्ट बघून सांगा: हेडलाइट लावल्यावर पेट्रोलचा काटाही हलतो का? त्याचा सेंडर मागे टाकीत असतो आणि त्याला बॉडीचं अर्थिंग असतं. दोन्ही काटे हलले तर दोष मीटरच्या मागच्या वायरीत. टेंपरेचरचा एकटाच हलला तर दोष इंजिनच्या अर्थिंगमध्ये.

बॅटरी का बसली तेही यातच आलं. गाडी चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटरही इंजिनवरच बसलेला. तो स्वतःच्या बॉडीच्या हिशेबानं १४ च्या वर व्होल्ट देतो, पण अर्थिंगच्या वाटेत एक व्होल्ट खाल्ला गेला की बॅटरीला १३ आणि थोडे मिळतात. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तेवढ्यानं ती कधीच पुरी भरत नाही. तुमची पहिली बॅटरी खराब नव्हती, उपाशी होती.

गॅरेजवाल्यांनी वायर तपासली असेलही. पण मल्टिमीटर पी-पी वाजला म्हणजे वायर चांगली, असं समजतात. विणलेल्या पट्टीतल्या चार तारा शिल्लक असल्या तरी मीटर वाजतो. ओहमवर लावलात तरी दिसणार नाही, कारण ०.०३ ओहम मोजायची ताकद तीनशे रुपयांच्या मीटरमध्ये नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच ०.२-०.३ असतो. पण ०.०३ ओहममधून शंभर अँपियर गेले की ३ व्होल्ट जागच्या जागी गेले. १२ तले ३. म्हणून वायर ओढ पडलेली असतानाच मोजायची, आणि ओहम सोडून व्होल्ट मोजायचे.

असं करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. कॉइलवर जाणारी बारीक वायर काढून तिचं टोक टेप लावून बाजूला ठेवा, म्हणजे सेल्फ फिरेल पण गाडी सुरू होणार नाही. घरातल्या कुणाला तरी चावी फिरवायला बसवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर, काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर. टर्मिनलच्या पट्टीवर नाही, खुंटावरच. चावी तीन-चार सेकंद फिरवा आणि आकडा वाचा. ०.२ च्या आत हवा, ०.५ च्या वर गेला तर चोर सापडला. मग तसंच प्लसच्या बाजूनं, बॅटरीचा प्लस खुंट आणि सेल्फवरचा जाड बोल्ट. तिसऱ्यांदा नुसते बॅटरीचे दोन खुंट, सेल्फ फिरत असताना. हात, ओढणी, केस पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. शेजाऱ्याकडून जंपर केबल आणा, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला. सेल्फ मारा. इंजिन झपकन फिरलं तर दुसरं काही शोधायचं नाही.

भेरूघाटाचं नंतर लिहितो, तो आजार वेगळा आहे. तोवर वहीत दोन गोष्टी बघून ठेवा. हे त्रास सुरू व्हायच्या आधी इंजिन-गिअरबॉक्सला शेवटचा हात कधी लागला? आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण गाडीबरोबर आलेलंच आहे का?

माळवा९८

काका, तुमचं उत्तर बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्ध्यावर असतानाच ते म्हणाले, "अगं, हा तर ढिला न्यूट्रल!" मंडळात असताना पावसाळ्यात अशाच तक्रारी यायच्या म्हणे. खांबावर न्यूट्रलचा जोड सैल झाला की एका घरातला दिवा मिणमिणतो, शेजारच्या घरातला भगभगतो, कुणाचा फ्रिज जळतो, आणि जो तो आपापल्या घरात बिघाड शोधतो. दोष खांबावरच्या एका जोडाचा. ते स्वतः गाडीपाशी खुर्ची टाकून बसले आणि आकडे त्यांनी लिहून घ्यायला लावले.

सेल्फ फिरताना बॅटरीच्या खुंटांवर १०.६. प्लसच्या वायरीत ०.३. इंजिन ते मायनस खुंट: २.८! म्हणजे सेल्फच्या वाट्याला जेमतेम साडेसात व्होल्ट येत होते. हेडलाइट आणि ब्लोअर लावून गाडी चालू असताना बॅटरीवर १३.२, पण अल्टरनेटरच्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.२. पेट्रोलचा काटा जागचा हलत नाही, टेंपरेचरचा एकटाच उडतो.

जंपर केबल समोरच्या जोशी काकूंच्या मुलाकडून आणली. चावी फिरवली आणि मला क्षणभर कळलंच नाही की ही आपलीच गाडी आहे. असा आवाज मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

वही: गेल्या वर्षी ३ ऑगस्टला क्लचप्लेट बदलली, म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवला होता. सेल्फ जड झाल्याची पहिली नोंद २१ ऑगस्टची. आणि झाकणाचं तुम्हाला कसं कळलं? नोव्हेंबरमध्ये एका पेट्रोल पंपावर झाकण लावायचं राहून गेलं आणि हरवलं. बाजारातून चावीचं झाकण आणलं, नोंद आहे, १४ नोव्हेंबर, २२० रुपये.

टेस्टलॅम्प

बाबांना माझा नमस्कार सांगा. ढिला न्यूट्रल! मी ४० वर्षं पोरांना हे शिकवत आलो, पण इतक्या दोन शब्दांत मला कधी सांगता आलं नाही.

क्लचप्लेटच्या कामात गिअरबॉक्स उतरवताना अर्थिंगची पट्टी सोडावीच लागते. परत लावताना थिंबल, म्हणजे पट्टीच्या टोकाची धातूची कडी, घासलं नाही, किंवा वेगळ्या बोल्टखाली रंगावर कसलं, तर हेच होतं. दोन्ही टोकं उघडा. आधी बॅटरीचा मायनस काढा, तो शेवटी लावा. उलटं केलंत आणि प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडेल, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. पट्टी नवीच घ्या. ज्या जागी बसणार ती जागा पॉलिश पेपरनं घासून चांदीसारखी करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट कसा, आणि कसून झाल्यावर वरून ग्रीस. काही जण आधी ग्रीस भरतात आणि मग कसतात, तसं करू नका, जोड कोरडाच बसू द्या.

आता भेरूघाट. बडोद्याच्या भाऊंनी धक्क्यांवरून पेट्रोल कमी पडतंय हे बरोबर ओळखलं. पण ते कमी का पडतंय, याचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलं होतं. टाकी फुल केली की बंद पडते, पाचशेच्या पेट्रोलवर कधीच नाही. आणि बाटलीतून अर्धा लिटर ओतताच सुरू होते. टाकी भरलेली असताना त्या अर्ध्या लिटरनं काय होणार? काम पेट्रोलनं केलं नाही ताई, झाकण उघडण्यानं केलं.

टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती यायला मूळच्या झाकणात छोटा व्हॉल्व्ह असतो. बाजारातल्या काही झाकणांत तो नसतोच, किंवा गच्च बसलेला असतो. मग टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिनवरचा पंप किती ओढणार? हिशेब करा. तुमच्या टाकीत साधारण २८ लिटर मावतात. काठोकाठ भरलीत तर वर फार तर दोन लिटर हवा उरते. दोन लिटर पेट्रोल जळलं की त्याच हवेला दुप्पट जागा व्यापावी लागते, दाब जवळपास अर्ध्यावर येतो. वाफ थोडी भरपाई करते, पण पुरत नाही. शहरात टाकीत पाच लिटर पेट्रोल असताना वर तेवीस लिटर हवा असते. त्यातून दोन लिटर गेले तर दाबात फरक किती पडणार? म्हणून शहरात तुम्हाला कधी जाणवलं नाही. आणि चढावर पेट्रोल जास्त लागतं, तिथेच कमतरता उघडी पडते. उभी राहिल्यावर झाकणाच्या वायसरमधून हळूहळू हवा शिरते, वीस मिनिटांत गाडी सुरू होते.

विश्वामित्री

हिशेब पटला. फुल टाकीची गोष्ट मी वाचूनही सोडून दिली होती. पण एक शंका राहतेच. त्यांनी पंपावर ओला रुमाल टाकला होता, आणि जानेवारीत गाडी नुसते धक्के देऊन पुढे गेली, मेमध्ये पूर्ण बंद पडली. नुसत्या झाकणाचा दोष असता तर थंडीतही बंद पडायला हवी होती.

टेस्टलॅम्प

भाऊ, शंका रास्त आहे आणि तुमचं व्हेपर लॉकही खोटं नाही. दाब कमी झाला की कुठलंही द्रव लवकर उकळतं. डोंगरावर पाणी कमी उष्णतेत उकळतं आणि डाळ शिजत नाही, तसंच. टाकीत पोकळी, म्हणजे पंपाच्या अलीकडच्या नळीत दाब आधीच उतरलेला. त्यात ४१ अंश आणि तापलेलं इंजिन. एरवी उकळलं नसतं ते पेट्रोल तिथे उकळतं. थंडीत नुसती ओढाताण झाली, उन्हाळ्यात वाफेनं उरलंसुरलं काम पुरं केलं. ओल्या रुमालानं वाफ बसली, पण पोकळी पुरती भरली नव्हती, म्हणून सिमरोलला पुन्हा थांबली. नळीला पट्टी गुंडाळायला माझी हरकत नाही. झाकण आधी.

ताई, बदलण्याआधी एकदा खात्री करून घ्या, नाहीतर आपणही अंदाजानं पार्ट बदलणारे झालो. टाकी फुल करा, झाकण घट्ट लावा, महूपर्यंत जाऊन या. आल्याबरोबर झाकण उघडा आणि कान द्या. पेट्रोलच्या वाफा असतात, जवळ विडी-काडी, मोबाइल काही नको. आणि कुणी झाकणाला भोक पाडायला सांगेल तर ऐकू नका. वळणावर त्यातून पेट्रोल सांडतं, उन्हात वाफ निघत राहते. व्हॉल्व्हवालं झाकण मागा. आतल्या बाजूला छोटी स्प्रिंगची चकती दिसते, ती दाबून बघा, हलली पाहिजे.

अभि_पुणे

कॉइलचा सल्ला मागे घेतो. ज्यांना स्पार्क आणि पेट्रोल यात शंका वाटते त्यांनी गाडी बंद पडल्या पडल्या प्लग काढून बघितला तर कळतं, कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, पेट्रोलनं ओला असेल तर स्पार्ककडे बघायचं. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

माळवा९८

आठ दिवसांनी लिहितेय, क्षमस्व, आईची तपासणी होती.

अर्थिंग आधी. गाडी खाली जॅकवर घेऊन काकांच्या सांगण्याप्रमाणे शोधली. गिअरबॉक्सकडच्या टोकाला थिंबलच्या खाली ऑइल आणि मातीचा काळा थर होता, आणि पट्टी वाकवली तर निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या. मी फोटो काढला नाही, बाबांनी पट्टीच वहीच्या पानात टाचून ठेवली आहे. नवी १८० रुपयांना आली. घासून, कसून, ग्रीस लावून पुन्हा मोजलं: इंजिन ते मायनस ०.१५. हेडलाइट-ब्लोअरसकट बॅटरीवर १४.०. टेंपरेचरचा काटा आता हेडलाइटला दाद देत नाही. तिसरी एक्सलेटर केबल टाकली आणि रोज हात लावून बघते, थंड असते.

एक गोष्ट कळली नाही. सेल्फ मारताना बॅटरीवर आधी १०.६ असायचे, आता १०.२. सेल्फ तर जोरात फिरतो. मग बॅटरी खाली का जाते? बिघडली का?

झाकण: टाकी फुल करून महूला जाऊन आले. घरी आल्यावर झाकणाची चावी फिरवली आणि "फुस्स" करून हवा आत गेली, इतक्या जोरात की आई ओट्यावरून विचारती झाली, काय झालं म्हणून. ते झाकण काढलं. व्हॉल्व्हवालं शोधायला दोन दुकानं फिरावी लागली, मिळालं.

टेस्टलॅम्प

बॅटरी ठणठणीत आहे. आधी अर्थिंगच्या अडथळ्यामुळे सेल्फला करंटच कमी मिळत होता, म्हणून बॅटरीवर ओढही कमी पडायची. आता वाट मोकळी झाली, सेल्फ हवा तेवढा करंट घेतो, म्हणून बॅटरी जरा जास्त वाकते. १०.२ मधून ०.३ आणि ०.१५ वजा करा, सेल्फला पावणेदहा मिळतात. आधी साडेसात मिळत होते. ९.६ च्या खाली गेली तर मला लिहा.

ओंकारेश्वरला जाऊन आलात की कळवा. माझा जीव त्या चढात अडकलाय.

माळवा९८

काल गेलो होतो. मुद्दाम त्याच वेळी निघालो, बडवाहला टाकी फुल केली, दुपारी एक वाजता. भेरूघाटाचा पहिला चढ लागला तेव्हा बाबांनी दरवाज्याची कडी घट्ट धरली होती आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. दुसऱ्या गिअरवर गाडी सरळ वर आली. जिथे मागच्या वेळी थांबलो होतो त्या वळणावर बाबा म्हणाले, थांबव. मी घाबरले. त्यांना फक्त गाडी बंद करून पुन्हा सेल्फ मारून बघायचा होता, तापलेल्या इंजिनवर. पहिल्या चावीत सुरू झाली. सिमरोलला चहा घेतला.

वहीत त्यांनी मला लिहायला लावलं: "अर्थिंग पट्टी १८० रु., झाकण ३१० रु., मीटर ३२० रु. भेरूघाट, फुल टाकी, ४० अंश, ठीक." खाली तुमचं नाव विचारत होते, मी टेस्टलॅम्प लिहिलं.

तिसऱ्या गॅरेजवाल्यांना फोन करून इंजिनचं काम नको म्हणून सांगितलं. विश्वामित्री दादांनी सांगितलेली पट्टीही नळीला गुंडाळली आहे.

आता एक लहानसं उरलंय. उजवा इंडिकेटर नेहमीसारखा लुकलुकतो, डावा फार भराभर. हेही अर्थिंगच का?

टेस्टलॅम्प

आधी मागचा डावा बल्ब बघा. बल्ब गेला किंवा कमी वॅटचा बसवला की फ्लॅशरला भार कमी मिळतो आणि तो घाई करतो. तिथे २१ वॅटचा हवा. बल्ब बरोबर असेल तर होल्डर काढून बघा, पावसाचं पाणी शिरून आत पांढरं साचतं.

माळवा९८

बल्ब २१ चाच निघाला. होल्डरमध्ये पांढरं होतं, पॉलिश पेपरनं घासलं, आता दोन्ही बाजू सारख्या. बाबांनी वही मागितली आहे.